मँडेट म्हणजे पाटी बदललेली वसाहतच का? मला तसं वाटत नाही

इतिहासवाली

मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जगाचा इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात पहिल्या महायुद्धानंतरची मँडेट पद्धत घेतली. एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, मँडेट म्हणजे जनादेश ना? मग तिथल्या लोकांनी मतं देऊन इंग्रजांना बोलावलं होतं का?" चूक त्याची नाही. आपल्या वर्तमानपत्रांत मँडेट म्हटलं की जनादेशच छापतात. त्याच्या शेजारचा म्हणाला, "जाऊ दे रे, वसाहतच ती, पाटी बदललेली." सगळा वर्ग माना डोलवू लागला. तास संपला, पण माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना. म्हणून इथे मांडते.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. महायुद्धात जर्मनी आणि तुर्कस्तान हरले. त्यांच्या ताब्यातले मुलूख जेत्यांनी नेहमीसारखे सरळ खिशात घातले नाहीत. 1919 च्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) कराराच्या 22व्या कलमात लिहिलं गेलं की, जे लोक अजून स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाहीत त्यांचं कल्याण ही सुसंस्कृत जगावरची पवित्र जबाबदारी आहे आणि ती पुढारलेल्या राष्ट्रांनी राष्ट्रसंघाच्या वतीने पार पाडायची. या सोपवणुकीलाच मँडेट म्हणत. ही भाषा आज वाचताना चीड येते, मलाही येते. पण त्याच कलमात एक कामाची गोष्ट होती. कारभार करणाऱ्या देशाने दरवर्षी राष्ट्रसंघाला, म्हणजे जिनिव्हाला, अहवाल द्यायचा आणि तिथल्या आयोगाने तो तपासायचा. प्रदेशांचे तीन वर्ग केले होते. इराक, सीरिया, पॅलेस्टाईन 'अ' वर्गात, टांगानिकासारखे (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग) आफ्रिकेतले प्रदेश 'ब' मध्ये, नैर्ऋत्य आफ्रिका आणि पॅसिफिकमधली बेटं 'क' मध्ये. म्हणजे वसाहतीत राज्यकर्ता मालक होता. मँडेटमध्ये तो दुसऱ्याने सोपवलेली वस्तू सांभाळणारा होता, आणि ती कशी सांभाळतोस हे विचारणारा कुणीतरी होता.

याने जमिनीवर काय फरक पडला? मी दोन बेटं देते.

पॅसिफिक महासागरात विषुववृत्ताला लागून नाउरू आणि बानाबा अशी दोन बेटं आहेत. नाउरू 21 चौरस किलोमीटर, बानाबा जेमतेम 6. मधे सुमारे 300 किलोमीटर समुद्र. दोन्हीकडे जमिनीत एकच चीज, खतासाठी लागणारं उंची फॉस्फेट. तो शोधही कसा लागला बघा. नाउरूहून आणलेला एक दगड सिडनीच्या एका कंपनीच्या कचेरीत दार अडवायला ठेवलेला होता. जीवाश्म झालेलं लाकूड असेल असं सगळे समजत. अल्बर्ट एलिस नावाच्या कर्मचाऱ्याने तो तपासून घेतला, तर शुद्ध फॉस्फेट! 1900 साली हे गृहस्थ बानाबावर उतरले आणि वर्षाला 50 पौंड या दराने 999 वर्षांचा करार करून मोकळे झाले. ज्याच्याशी करार केला त्याला सगळ्यांच्या जमिनी देण्याचा अधिकारच नव्हता.

पुढे 1920 पासून दोन्ही बेटं खणली ती एकाच संस्थेने, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तीन सरकारांच्या मालकीच्या ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्सनी. तीच यंत्रं, तीच जहाजं, त्याच शेतकऱ्यांना स्वस्तात खत. फरक एकच. बानाबा ब्रिटनची वसाहत होती आणि नाउरू आधी जर्मनांकडे असल्याने मँडेट झालं.

बानाबावर 1928 साली कायदा करून लोकांच्या जमिनी सक्तीने घेण्याची सोय केली गेली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी दोन्ही बेटांवरची माणसं हलवली. युद्ध संपल्यावर नाउरूचे जे लोक वाचले होते ते 31 जानेवारी 1946 ला घरी परतले. बानाबाच्या लोकांना मात्र घरी नेलंच नाही. डिसेंबर 1945 मध्ये त्यांना थेट फिजीतल्या राम्बी बेटावर उतरवलं. ते बेट खरेदी केलं होतं त्यांच्याच फॉस्फेटच्या पैशातून. घरी खाणकाम अडखळू नये, एवढाच विचार.

मग न्याय मागायची वेळ आली. बानाबाचे लोक लंडनच्या कोर्टात गेले. 200 हून अधिक दिवस सुनावणी चालली, न्यायाधीश स्वतः बेटावर जाऊन आले. 1976 साली निकाल लागला. सरकारचं तुमच्याबाबतचं कर्तव्य हे राजकीय स्वरूपाचं आहे, कोर्टात बजावून घेता येईल असं विश्वस्तपद ते नव्हे, असं न्यायाधीशांनी सांगितलं. शेवटी तीन सरकारांनी मिळून 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दिले, तेही कायद्याने देणं लागतं म्हणून नव्हे, स्वखुशीने.

नाउरू 31 जानेवारी 1968 ला स्वतंत्र झालं. 1989 मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. तुम्ही विश्वस्त होता, विश्वस्ताने जमीन खरवडून टाकून निघून जायचं नसतं, हा मुद्दा. ऑस्ट्रेलियाने हरकती घेतल्या, पण 1992 मध्ये न्यायालयाने खटला चालवण्याचं ठरवलं आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने 10 कोटी 70 लाख डॉलरवर तडजोड केली.

एकच खाण, एकच मालक. एका बेटाला कोर्टाने सांगितलं की हे विश्वस्तपद नव्हतंच, आणि दुसऱ्याला त्याच शब्दावर उभं राहता आलं. म्हणून मी म्हणते, पाटी बदलल्याने फरक पडतो.

खडा सवाल

ताई, बेटांची माहिती उत्तम आहे, पण निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. नुकसानभरपाई आली 1993 मध्ये. ज्या म्हाताऱ्यांच्या नारळी उखडल्या ते तेव्हा कुठे होते? मँडेटच्या काळात मँडेटखालच्या माणसाला काय मिळालं ते बघू.

नैर्ऋत्य आफ्रिका, म्हणजे आजचा नामिबिया. 1920 च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेला मँडेट मिळालं. बॉन्डेलस्वार्ट्स ही तिथली नामा लोकांची एक जमात. जमिनी गेलेल्या, गोऱ्यांच्या मळ्यावर कमी पैशात राबायचं नसेल तर शिकारीवर जगायचं. शिकारीला कुत्रा लागतो. सरकारने कुत्र्यांवर कर बसवला आणि असा बसवला की भरताच येऊ नये. हेतू उघड होता, शिकार सोडा आणि मळ्यावर या. 1922 मध्ये ते उठले तेव्हा त्यांच्यावर विमानांतून बॉम्ब टाकले. शंभरावर माणसं मेली, त्यात बायका मुलं होती. पवित्र जबाबदारी घेऊन दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती.

सामोआ न्यूझीलंडकडे होतं. 28 डिसेंबर 1929 ला आपिया गावात शांत मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. लोकांना आवरायला पुढे झालेले त्यांचे प्रमुख तामासेसे त्यात गेले. त्याआधी 1928 मध्ये सामोआचा पुढारी नेल्सन फिर्याद घेऊन जिनिव्हापर्यंत गेला होता. आयोगाने त्याला समोर उभंही केलं नाही आणि न्यूझीलंडची बाजू उचलून धरली.

दमास्कस घ्या. ऑक्टोबर 1925 मध्ये फ्रेंचांनी स्वतःच्या मँडेटमधल्या शहरावर तोफा आणि विमानं चालवली.

आता विचारणाऱ्याची गोष्ट. तो आयोग कुणाचा होता? ज्यांच्या वसाहती होत्या त्यांच्याच माणसांचा भरणा. ब्रिटनकडून 13 वर्षं लॉर्ड लुगार्ड बसले, जे स्वतः नायजेरियाचे गव्हर्नर जनरल राहिलेले. आयोगाला त्या प्रदेशात पाऊल ठेवायची परवानगी नव्हती. आणि अर्ज करायचा तर ज्या सरकारविरुद्ध तक्रार आहे त्याच सरकारच्या हातून पाठवायचा. आपल्याकडे तलाठ्याविरुद्धचा अर्ज तलाठ्याकडेच द्या म्हटलं तर कोण देईल?

इतिहासवाली

दादा, तुम्ही दिलेली एकही घटना मी नाकारत नाही. बॉन्डेलस्वार्ट्सचं तर मी वर्गात सांगते. पण त्याच प्रकरणात पुढे काय झालं? हैतीचे प्रतिनिधी दांतेस बेलगार्द यांनी राष्ट्रसंघाच्या सभेत तो विषय काढला. एका काळ्या माणसाने, एका छोट्या देशाच्या वतीने, जगासमोर दक्षिण आफ्रिकेला जाब विचारला. आयोगाला चौकशी करावी लागली आणि तिथे ताशेरे ओढले गेले. दमास्कसबद्दल 1926 मध्ये आयोगाची रोममध्ये खास बैठक बसली.

आता आपलं बघा. 1919 ला जालियनवाला बाग झालं. भारत राष्ट्रसंघाचा मूळ सदस्य होता, जिनिव्हात आपल्या नावाची खुर्ची होती. तरी त्या हत्याकांडाबद्दल जिनिव्हात कुणी प्रश्न काढू शकला का? नाही. तो ब्रिटनचा घरचा मामला होता. चौकशी केली ती सरकारनेच नेमलेल्या हंटर समितीने. वसाहतीत माणसं मारली तर ती अंतर्गत बाब असते. मँडेटमध्ये मारली तर निदान कुणाला तरी खुलासा द्यावा लागतो. खुलाशाने मेलेला परत येत नाही, हे मलाही कळतं.

कोयनाकाठ

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे कित्येक गावांत इंग्रजांनी बसवलेला संगमरवरी दगड आहे, या गावातून इतके लोक 1914 ते 1919 च्या महायुद्धाला गेले, त्यातले इतके मेले, असा मजकूर. आमच्या गावातला दगड शाळेच्या भिंतीत आहे. लहानपणी दप्तर टेकवायला तीच जागा होती. माझे पणजोबा त्या आकड्यातले एक, परत आलेल्यांपैकी. घरात त्यांच्याविषयी एवढंच सांगतात की ते 'बसऱ्याला' होते.

मोठा झाल्यावर वाचलं तेव्हा कळलं. इराकमधल्या कुत गावाच्या वेढ्यात अडकली ती पुणे डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली, पुढे कैदेत किती गेले त्याची मोजदाद वाचवत नाही. त्यानंतर एप्रिल 1920 मध्ये इटलीतल्या सान रेमोच्या परिषदेत इराकचं मँडेट ब्रिटनला मिळालं आणि दोन महिन्यांत इराक पेटलं. ते बंड मोडायला पाठवलेले शिपाई बहुतांश हिंदुस्थानीच. बाजारात नाणं आपला रुपया, तो 1932 पर्यंत चालला.

आता मला सांगा, एका पारतंत्र्यातल्या देशाची माणसं नेऊन दुसऱ्याचं बंड मोडायचं, त्याला वसाहत म्हटलं काय नि मँडेट म्हटलं काय, बसऱ्याच्या शेतकऱ्याला फरक कळला असेल का? खडा सवाल यांच्याशी मी सहमत आहे.

इतिहासवाली

बसऱ्याच्या शेतकऱ्याला 1920 मध्ये नसेल कळला. पण बगदादमधले तेव्हाचे मुख्य इंग्रज अधिकारी आर्नोल्ड विल्सन आणि त्यांच्या लोकांचा बेत इराक हिंदुस्थानसारखं सरळ इंग्रज अधिकाऱ्यांकरवी चालवायचा होता. तो मोडला. 1921 मध्ये फैसल या अरब राजपुत्राला गादीवर बसवावं लागलं आणि 3 ऑक्टोबर 1932 ला इराक राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. विमानतळ इंग्रजांनी ठेवले, तेलही सोडलं नाही, मान्य.

खडा सवाल

तो बेत मोडला तो बंडामुळे! हजारो इराकी मेले आणि इंग्रजांचा पैसा पाण्यासारखा गेला, म्हणून. 22व्या कलमामुळे नव्हे. श्रेय देताना ज्याचं त्याला द्या.

समुद्रापलीकडून

माझं बालपण टांगानिकातल्या दारेसलाममध्ये गेलं. वडील तिथे एका शाळेत गणित शिकवायचे, मावशी केनियात नैरोबीला दिलेली. त्यामुळे एक मँडेट आणि एक वसाहत अशा दोन्ही घरच्या गोष्टी आमच्याकडे जेवताना निघायच्या.

मावशीच्या घरची मंडळी कायम एक गोष्ट सांगत, की केनियाच्या थंड डोंगराळ भागात हिंदी माणसाला जमीन घेता येत नसे. ती गोऱ्यांसाठी राखीव होती, आणि 1923 च्या लंडनच्या श्वेतपत्रिकेनेही ते कायम ठेवलं. किकुयू या तिथल्या आफ्रिकन जमातीची तर मूळ जमीनच ती. टांगानिकात मात्र मँडेटची अट होती की राष्ट्रसंघाच्या सगळ्या सदस्य देशांच्या नागरिकांना व्यापाराला सारखी मुभा. भारत सदस्य होता, म्हणून हिंदी माणूसही त्यात आला. जर्मनांचे जप्त केलेले मळे लिलावात निघाले तेव्हा हिंदी व्यापाऱ्यांनी ते विकत घेतले. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचा तांगाजवळ सिसलचा, म्हणजे दोरखंडासाठी धागा देणाऱ्या झाडाचा, मळा होता. रेल्वेरुळासारख्या सरळ ओळी, टोकाला काटा असलेली तलवारीसारखी पानं, आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या धाग्यांचा आंबूस वास. लहानपणी मला वाटायचं आफ्रिकेत सगळीकडे असंच असतं. वीस वर्षांची झाल्यावर कळलं की सीमेपलीकडे केनियात त्याच कुटुंबाला डोंगराळ भागात बिघाभर जमीन घेता आली नसती.

ही झाली आम्हा हिंदी लोकांची गोष्ट, आणि आम्ही तिथे मधल्या पायरीवर बसलेले होतो, हे प्रामाणिकपणे सांगते. आफ्रिकन माणसाचं काय झालं ते जास्त महत्त्वाचं.

1951 मध्ये मेरू पर्वताच्या पायथ्याशी सरकारने काही हजार मेरू लोकांना गोऱ्या पशुपालकांसाठी जमिनीवरून हुसकलं, घरं जाळली. म्हणजे खडा सवाल म्हणतात तसंच, वसाहतीसारखंच. पण तोवर राष्ट्रसंघ जाऊन संयुक्त राष्ट्रं आली होती, मँडेटचं विश्वस्त प्रदेश झालं होतं आणि अर्ज थेट पाठवता येऊ लागला होता. मेरूंनी वर्गणी काढून किरिलो जाफेट यांना 1952 मध्ये न्यूयॉर्कला पाठवलं. टांगानिकाचा आफ्रिकन माणूस जगासमोर स्वतःच्या भाषेत बोलला. जमीन लगेच परत मिळाली नाही. पण परत आल्यावर किरिलो गावोगाव फिरून सांगत सुटले की तिथे आपलं ऐकून घेतात.

त्याच 1952 च्या ऑक्टोबरात केनियात आणीबाणी लागली. तिथेही प्रश्न जमिनीचाच होता. किकुयूंना न्यूयॉर्कचा रस्ता नव्हता. त्यांच्या वाट्याला छावण्या आणि फाशी आली.

1954 मध्ये संयुक्त राष्ट्रांचं पाहणी मंडळ टांगानिकात आलं आणि 20 ते 25 वर्षांत हा देश स्वतंत्र होऊ शकतो असं त्यांनी लिहिलं. गव्हर्नर संतापले. पुढच्याच वर्षी टांगानिकाच्या स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी न्येरेरे स्वतः न्यूयॉर्कला जाऊन बोलले. 9 डिसेंबर 1961 ला टांगानिका स्वतंत्र झालं, आमच्या घराच्या गल्लीतही दिवे लावले होते असं आई सांगते. केनियाला आणखी दोन वर्षं लागली आणि मधे केवढं रक्त सांडलं.

खडा सवाल

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मेरूंची हकीकत मला माहीत नव्हती, मनापासून आभार.

तरी दोन गोष्टी. एक, तुम्ही सांगितलेला सगळा फरक 1945 नंतरचा आहे, जेव्हा भारतासारखे देश संयुक्त राष्ट्रांत बसून आवाज करत होते. राष्ट्रसंघाच्या मँडेटचं श्रेय त्यात किती? दोन, केनियात गोऱ्यांनी घरं बांधून ठाण मांडलं होतं, टांगानिकात ते थोडे होते. रक्त सांडलं ते त्यामुळे, की कागदावर वसाहत लिहिलं होतं म्हणून?

आणि माझा मुख्य मुद्दा अजून उभाच आहे. भारत वसाहत, स्वतंत्र कधी? 1947. घाना (मुख्यतः) वसाहत, स्वतंत्र कधी? 1957. नामिबिया मँडेट, स्वतंत्र कधी? 21 मार्च 1990! पाटीने फरक पडत असता तर नामिबिया आमच्या आधी सुटायला हवा होता. माणसं सुटतात ती काँग्रेससारखी संघटना उभी राहते तेव्हा, छापखाने चालतात तेव्हा, तुरुंग भरतात तेव्हा.

समुद्रापलीकडून

गोरे थोडे का होते, हाच तर प्रश्न आहे ना? मँडेट असल्याने उद्या हा मुलूख जर्मनीला परत जाईल की काय, ही धास्ती होती, म्हणून गोरे पैसा घालायला बिचकायचे. 1923 च्या कायद्याने टांगानिकातली जमीन सार्वजनिक ठरवली, केनियासारखी सर्रास वाटता येईना. केनियाच्या गोऱ्यांना केनिया, युगांडा आणि टांगानिका हे तिन्ही प्रदेश एकत्र करून आपल्या हातात हवे होते. जिनिव्हाचा आयोग त्याच्या विरोधात होता आणि 1931 मध्ये तो बेत लंडनमध्येच बारगळला. हे सगळं 1945 च्या आधीचं.

वऱ्हाडातून

मी अकोल्याचा. ही चर्चा वाचताना सारखं वाटत होतं की हे आपण घरी पाहिलेलं आहे.

वऱ्हाड कायद्याने कुणाचा होता? निजामाचा. 1853 मध्ये फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने तो कंपनीकडे सोपवला. कारभार इंग्रजांचा, मालकी निजामाची. 1902 मध्ये कर्झनने वर्षाला 25 लाख रुपयांवर तो कायमच्या भाड्याने घेतला, पण निजामाचं सार्वभौमत्व तसंच कागदावर ठेवलं. 1936 मध्ये निजामाच्या मुलाला 'वऱ्हाडचा युवराज' ही पदवी मिळाली. माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जे सरकार होतं ते इंग्रजांचं, पण कायद्याने ते निजामाची प्रजा.

मँडेटमध्येही हाच वाद पेटला होता, सार्वभौमत्व नक्की कुणाचं? राष्ट्रसंघाचं, कारभाऱ्याचं, की तिथल्या लोकांचं? आमच्या वऱ्हाडात सोपवलेली वस्तू आणि मालकीची वस्तू यातला फरक शेतकऱ्याला कधीच मिळाला नाही. कारण मूळ मालक म्हणून जो उभा होता तो राजा होता, त्याला भाड्याशी मतलब. ताईंच्या मुद्द्यात मी एवढीच भर घालेन की, वस्तू कुणी सोपवली यापेक्षा कुणाच्या नावाने सोपवली ते बघा. 22व्या कलमात, कितीही हीन भाषेत का होईना, त्या लोकांचं कल्याण असं लिहिलं होतं. आमच्या 1853 च्या तहात वऱ्हाडी माणसाचं नावच नव्हतं.

चहा आणि वही

मी ताईंच्याच वर्गात आहे, जनादेश विचारणारा मीच. पॅलेस्टाईन 'अ' वर्गात होतं, मग तिथल्या अरबांना इराकसारखं राज्य का मिळालं नाही?

इतिहासवाली

कारण तिथल्या मँडेटच्या मजकुरातच 1917 ची बाल्फोर घोषणा बसवली होती. लोकांना उभं करायचं हा हेतू आणि ज्यूंसाठी राष्ट्रीय घर हा हेतू एकाच कागदावर आला. त्यावर वेगळं सविस्तर बोलू, इथे घेतलं तर बेटं बाजूला पडतील.

मांडवीतीर

पाटीने काय फरक पडतो ते आम्हा गोंयकारांना विचारा.

पाटीला जर किंमत नसती तर पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांनी ती बदलायला एवढी धडपड का केली असती? 1951 मध्ये पोर्तुगालने राज्यघटनेत फेरफार करून आपल्या वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' म्हणायला सुरुवात केली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत 73वं कलम आहे, ज्यांच्याकडे स्वतःचं राज्य नसलेले प्रदेश आहेत त्यांनी तिथली माहिती कळवायची. पोर्तुगाल 1955 मध्ये सदस्य झालं आणि विचारणा झाली तेव्हा सांगितलं, आमच्याकडे असा प्रदेशच नाही, गोवा हा पोर्तुगालचाच भाग आहे. नाव प्रांत ठेवलं की मडगावात कुणाला पकडलं, कुणाला आफ्रिकेतल्या तुरुंगात धाडलं, ते जगाला सांगायला नको. शेवटी 15 डिसेंबर 1960 ला आमसभेने ठराव करून नावानिशी यादीच दिली, त्यात गोवा होता. पुढच्या वर्षी 19 डिसेंबरला आम्ही सुटलो, ते अर्थात भारतीय सैन्यामुळे.

म्हणून खडा सवाल, तुमचा राग मला समजतो. पण राज्यकर्ता ज्या नावाला घाबरतो त्या नावात काहीतरी असतं. दक्षिण आफ्रिकेला नामिबिया आपला पाचवा प्रांत करायचा होता. 1946 मध्ये त्यांनी तशी मागणी संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवली आणि ती फेटाळली गेली, भारत विरोधात पुढे होता. तो मुलूख वसाहत असता तर विचारायलाच लागलं नसतं.

खडा सवाल

हा मुद्दा वजनदार आहे. त्यावर मी दोन दिवस विचार केला.

नामिबियाचं मी पुन्हा वाचलं. 1966 मध्ये इथिओपिया आणि लायबेरियाचा दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा खटला हेगच्या न्यायालयाने 7 विरुद्ध 7 अशा मतांवर, अध्यक्षांच्या निर्णायक मताने उडवला. सहा वर्षं चाललेला खटला, आणि शेवटी म्हणे तुम्हाला तक्रार करायचा हक्कच नाही. त्यानंतर पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, नामिबियात सशस्त्र लढा सुरू झाला. लोकांनी कोर्टाची वाट पाहिली आणि मग बंदूक उचलली. म्हणजे तुमच्या त्या रस्त्याने त्यांना शेवटच्या वळणावर दगा दिला. त्याच ऑक्टोबरात आमसभेने मँडेट रद्द केलं, 1971 मध्ये न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेचा ताबा बेकायदा ठरवला, तरी 1990 उजाडावं लागलं.

बेकायदा हा शब्द मात्र मी मान्य करतो. केनियात छावण्या होत्या तेव्हा ब्रिटनचा ताबा बेकायदा आहे असं कुठलंही न्यायालय म्हणू शकलं नसतं. नामिबियाबाबत ते म्हणता आलं. एवढं तुमचं.

पण नाउरूबद्दल अजूनही खटकतं. आज त्या बेटाच्या मधल्या पठारावर चुनखडीच्या सुळक्यांशिवाय काही उरलेलं नाही, फोटो बघवत नाहीत. विश्वस्ताने सांभाळलेली जमीन अशी दिसते?

इतिहासवाली

बघवत नाहीतच. फक्त एक दुरुस्ती. स्वातंत्र्याच्या वेळेपर्यंत साधारण एक तृतीयांश जमीन खणून झाली होती आणि हेगचा दावा तेवढ्यापुरताच होता. उरलेलं खोदकाम नाउरूच्या स्वतःच्या सरकारने केलं, कारण दुसरं विकायला काही ठेवलंच नव्हतं. 1960 च्या दशकात ऑस्ट्रेलियाने त्यांना क्वीन्सलंडजवळच्या एका बेटावर कायमचं हलवायचा प्रस्ताव दिला होता. नाउरूने नाही म्हटलं, आणि त्यांचं नाही चाललं. बानाबाच्या लोकांना मात्र युद्धानंतर घरी न नेता राम्बीवरच उतरवलं गेलं.

चहा आणि वही

मॅडम, मग बानाबाचे लोक आता कुठे आहेत?

इतिहासवाली

बहुतेक जण अजून राम्बीवर, बानाबापासून 2000 किलोमीटरहून जास्त दूर. कागदोपत्री ते फिजीचे नागरिक. बानाबा बेट 1979 मध्ये किरिबाटी या नव्या देशात गेलं, आणि खाणही त्याच वर्षी बंद झाली, कारण फॉस्फेट संपलं. किरिबाटीच्या संसदेत राम्बीच्या लोकांचा एक प्रतिनिधी बसतो. दरवर्षी 15 डिसेंबरला ते राम्बीवर उतरल्याचा दिवस पाळतात. त्या पहिल्या रात्री त्यांना तंबूत ठेवलं होतं, आणि तो पावसाळा होता.